आयर्न मेडनचे ‘बेस्ट ऑफ’ अल्बम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड नव्याने ऐकायला घेतलेले लोक साधारण तेच तेच प्रश्न पाठवतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच एका जागी लिहून ठेवतोय. सोपे प्रश्न आधी, किचकट नंतर. एखाद्या गोष्टीचं उत्तर आधी येऊन गेलं असेल तर तिथे त्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

1. मेडनचा ग्रेटेस्ट हिट्स अल्बम नक्की कोणता? शोधायला गेलं की पाच-सहा दिसतात.

पाच-सहा दिसतात कारण खरंच तेवढे आहेत. पहिला मोठा म्हणजे 1996 चा ‘बेस्ट ऑफ द बीस्ट’. मग 1999 ला ‘एड हंटर’ आला, त्यात गाण्यांसोबत कॉम्प्युटर गेम पण होता. 2002 ला ‘एडवर्ड द ग्रेट’. 2005 ला अमेरिकेच्या मार्केटसाठी ‘द इसेन्शियल आयर्न मेडन’. 2008 ला ‘समव्हेअर बॅक इन टाइम’, ज्यात फक्त 1980 ते 1989 चा काळ आहे, आणि 2011 ला त्याचाच पुढचा भाग म्हणता येईल असा ‘फ्रॉम फिअर टू इटर्निटी’, ज्यात 1990 ते 2010. कोणी नुसतं ‘मेडनचं बेस्ट ऑफ’ म्हटलं तर जुने ऐकणारे ‘बेस्ट ऑफ द बीस्ट’ समजतात आणि 2008 नंतर आलेले ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ समजतात, अर्ध्या वादांचं मूळ तिथेच असतं. खाली जास्त करून ‘बेस्ट ऑफ द बीस्ट’बद्दलच लिहिलंय कारण माझ्या मते या बँडची पूर्ण गोष्ट तोच सांगतो.

2. मी एकही गाणं ऐकलेलं नाही, कुठून सुरू करू?

एका बैठकीत ऐकून बँड आवडतो का एवढंच बघायचं असेल तर ‘समव्हेअर बॅक इन टाइम’. एकच डिस्क, 15 ट्रॅक, त्यातला पहिला तर चर्चिलचं भाषण आहे आणि ते संपता संपता ‘एसेस हाय’ची गिटार अंगावर येते. ‘द ट्रूपर’, ‘रन टू द हिल्स’, ‘वेस्टेड इयर्स’, ‘हॅलोड बी दाय नेम’ सगळं त्यात आहे. हा अल्बम नव्या लोकांसाठीच काढला होता, त्या वर्षीच्या टूरमध्ये ऐंशीच्या दशकातली गाणी वाजणार होती आणि ती ऐकायला येणाऱ्या कितीतरी पोरांचा ती गाणी आली तेव्हा जन्म पण झाला नव्हता. (ती टूर 1 फेब्रुवारी 2008 ला मुंबईतून सुरू झाली.)

पण आवडला बँड, आता नीट समजून घ्यायचाय, असं असेल तर सरळ दोन सीडीवाला ‘बेस्ट ऑफ द बीस्ट’ घ्या. का ते प्रश्न 3 आणि 4 मध्ये.

3. या बँडला गायक किती? एका अल्बमवर आवाज वेगळा, दुसऱ्यावर वेगळा वाटतो.

रेकॉर्ड झालेल्या अल्बमांवर तीन. पॉल डियानो, ब्रूस डिकिन्सन आणि ब्लेझ बेली.

बँड बासिस्ट स्टीव्ह हॅरिसने 1975 च्या ख्रिसमसला पूर्व लंडनमध्ये सुरू केला. पॉल 1978 ते 1981 होता, 1980 चा पहिला अल्बम आणि 1981 चा ‘किलर्स’ त्याच्या आवाजात. त्याचा आवाज रस्त्यावरचा, खरबरीत, पंकच्या जवळचा. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला. ब्रूस 1981 ला आला आणि 1982 चा ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ त्याचा पहिला अल्बम, जो ब्रिटनमध्ये थेट 1 नंबरवर गेला. वरच्या पट्टीतला, लांब ताणलेला, जवळजवळ ऑपेरासारखा जो आवाज लोकांच्या डोक्यात मेडन म्हणून बसलाय तो ब्रूसचा. 1993 ला तो सोडून गेला, 1994 ते 1999 ब्लेझ होता, त्याचा आवाज खालच्या पट्टीतला आणि जड. 1999 ला ब्रूस परत आला, सोबत 1990 ला गेलेला गिटारिस्ट एड्रियन स्मिथ पण आला, आणि मधे आलेल्या यानिक गर्सला काढलं नाही म्हणून तेव्हापासून डेव्ह मरे धरून तीन गिटारी आहेत.

कुठलाही मेडनचा कलेक्शन अल्बम घ्यायच्या आधी गाण्यांची यादी बघू नका, आधी कोण गातोय ते बघा. गाण्यांची नावं बऱ्याच ठिकाणी सारखीच असतात, आवाज सारखे नसतात.

4. ‘रॅथचाइल्ड’ तर पॉलचं गाणं ना, मग ‘समव्हेअर बॅक इन टाइम’मध्ये ब्रूस का गातोय?

कारण तिथे स्टुडिओचं गाणं घेतलेलंच नाहीये. ‘रॅथचाइल्ड’, ‘फँटम ऑफ दी ऑपेरा’ आणि ‘आयर्न मेडन’ ही तिन्ही पॉलच्या काळातली गाणी तिथे 1985 च्या ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ या लाइव्ह अल्बममधून उचललीयेत, आणि तेव्हा गायक ब्रूस होता. त्यामुळे अख्ख्या डिस्कवर एकच आवाज राहतो. ‘फ्रॉम फिअर टू इटर्निटी’मध्ये पण तीच युक्ती, ‘साइन ऑफ द क्रॉस’, ‘द क्लॅन्समन’ आणि ‘मॅन ऑन दी एज’ ही ब्लेझच्या काळातली गाणी, तिथे तिन्ही लाइव्ह आणि तिन्ही ब्रूसच्या आवाजात.

हे चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, नवीन माणसाला एक सलग आवाज मिळतो आणि ‘लाइव्ह आफ्टर डेथ’चं ‘फँटम’ आहेच जबरदस्त. पण दोन्ही अल्बम ऐकून संपल्यावर त्या माणसाला पॉल आणि ब्लेझ होते हे कळतच नाही, आणि ते मला मनापासून खटकतं. स्टुडिओतलं ‘फँटम’ एकदा लावून बघा. सात मिनिटांचं गाणं, मधे सगळं थांबून बास एकटा सुरू होतो, मग त्यावर एक गिटार चढते, मग दुसरी, आणि हे सगळं विशीतल्या पोरांनी पहिल्याच अल्बमवर केलंय. त्यात पॉल ज्या रागाने शब्द फेकतो तो राग ब्रूसकडे नाही, ब्रूसकडे दुसरं खूप काही आहे पण ते नाही. ‘बेस्ट ऑफ द बीस्ट’वर तिघंही स्वतःच्या आवाजात आहेत.

5. ‘बेस्ट ऑफ द बीस्ट’ एक सीडी, दोन सीडी, एलपी असा मिळतो, फरक काय?

फरक मोठा आहे, घाई करू नका. एक सीडीवाल्यात 16 गाणी. दोन सीडीवाल्यात 27. आणि व्हायनलवर चार एलपींचा सेट निघाला होता त्यात 34. कव्हरवर डेरेक रिग्जने काढलेला तोच एडी (बँडच्या कव्हरांवर दिसणारा भुतासारखा प्राणी), जुन्या सगळ्या एडींचा एकत्र गोळा करून केलेला, त्यामुळे फोटोवरून चटकन फरक कळत नाही.

माझं स्वतःचं असं झालं की एका जुना माल विकणाऱ्याकडे नुसतं कव्हर बघून मागवला, दोन डिस्क असणार हे मी धरूनच चाललो होतो, आणि पाकीट उघडलं तर आत एकच. विचारलं तर म्हणाला तुम्ही विचारलंच नव्हतं. म्हणून मागच्या बाजूचा फोटो मागा आणि गाणी मोजा, 27 हा आकडा लक्षात ठेवा. एक सीडीवाला वाईट नाही पण त्यात पॉलचा काळ जवळजवळ उडालाय आणि प्रश्न 7 मधली जी खरी मौज आहे ती तर नाहीच.

6. त्यात गाणी उलटी का लावलीत? पहिलंच गाणं सगळ्यात नवीन.

दोन सीडीवाला मुद्दाम तसा लावलाय, 1996 पासून सुरू होऊन मागे मागे जात 1978 पर्यंत. म्हणजे सुरुवातीला ब्लेझ, मग ब्रूसचा नव्वदचा काळ, मग ऐंशीचा सुवर्णकाळ, आणि शेवटी पॉल. लोकांना हे विचित्र वाटतं, आणि ज्याला फक्त जुना मेडन माहितीये तो पहिली तीन-चार गाणी ऐकून सीडी बंद करतो.

मी सांगेन, एकदा जसा आहे तसाच ऐका. झाडाच्या शेंड्यावरून खाली मुळापर्यंत उतरल्यासारखं होतं, प्रत्येक गाण्याबरोबर आवाज थोडा कच्चा होत जातो, गाणी आखूड होत जातात, आणि शेवटी कुठे पोचतो ते खालच्या प्रश्नात. दुसऱ्यांदा हवं तर दुसऱ्या डिस्कच्या शेवटापासून उलटं लावा.

7. शेवटची दोन गाणी एवढी कच्ची का वाटतात? सीडी खराब आहे का?

सीडी ठीक आहे. ते रेकॉर्डिंग 30 आणि 31 डिसेंबर 1978 चं आहे, केंब्रिजच्या स्पेसवर्ड स्टुडिओतलं. बँडकडे तेव्हा ना कंपनी ना पैसा, चार गाणी रेकॉर्ड केली आणि टेप लंडनच्या किंग्जबरी भागातल्या ‘साउंडहाउस’ नावाच्या हेवी मेटल क्लबच्या डीजेला, नील केला नेऊन दिली, त्याने ती तिथे इतकी वाजवली की लोक मागायला लागले. मग 1979 च्या नोव्हेंबरमध्ये ‘द साउंडहाउस टेप्स’ नावाने 5000 कॉप्या स्वतःच काढल्या आणि पोस्टाने विकल्या.

त्यात तीनच गाणी होती, ‘आयर्न मेडन’, ‘इन्व्हेजन’ आणि ‘प्राउलर’. चौथं ‘स्ट्रेंज वर्ल्ड’, ते बँडला नीट झालं नाही असं वाटलं म्हणून ठेवून दिलं. आणि एक गोष्ट सांगतो जी ऐकून मला अजून कसंतरी होतं, मूळ मास्टर टेप विकत घ्यायला तेव्हा पैसे नव्हते, पैसे जमवून परत गेले तर स्टुडिओने टेप पुसून टाकली होती. म्हणजे गाणी नव्याने सुधारायची संधीच गेली, जे पहिल्यांदा झालं तेच राहिलं.

‘बेस्ट ऑफ द बीस्ट’च्या दोन सीडीवाल्यात शेवटी हे ठेवून दिलेलं ‘स्ट्रेंज वर्ल्ड’ आणि ‘आयर्न मेडन’ आहे, चार एलपींच्या सेटमध्ये चारही. त्यामुळे आवाज मागे मागे गेल्यासारखा, ड्रम पत्र्यासारखे, सगळं मान्य. पण ऐकताना हेडफोन लावा आणि बासकडे लक्ष द्या, स्टीव्हची ती बोटांनी घोड्यासारखी दौडणारी चाल तेव्हाही तशीच आहे.

8. ‘व्हायरस’ कुठल्या अल्बममधलं? कुठेच सापडत नाही.

कुठल्याही स्टुडिओ अल्बममध्ये नाही. ते खास ‘बेस्ट ऑफ द बीस्ट’साठी केलेलं नवीन गाणं, ब्लेझच्या आवाजात, सहा मिनिटांच्या वर. सिंगल (म्हणजे सुटं विकायला काढलेलं गाणं) म्हणून त्याचं कापून छोटं केलेलं रूपही निघालं, पूर्ण हवं असेल तर याच अल्बममधलं ऐका. नव्वदच्या दशकात मेटल संपलं संपलं म्हणणाऱ्या लोकांवरचा राग त्यात आहे. पहिली दोन मिनिटं सावकाश जातात, तिथे सोडू नका.

9. ‘हिट्स’ म्हणता पण ‘हॅलोड बी दाय नेम’ तेव्हा सिंगल म्हणून आलंच नव्हतं ना?

बरोबर, आणि हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. 1982 ला ते अल्बमचं शेवटचं गाणं होतं, सिंगल म्हणून निघालं थेट 1993 ला, ते पण लाइव्ह. ‘फँटम’ पण तेव्हा सिंगल म्हणून आलं नव्हतं. मेडनला रेडिओने कधी फार जवळ केलं नाही, त्यामुळे या बँडच्या बाबतीत हिट दोन प्रकारचे. एक चार्टवरचे, ‘रन टू द हिल्स’ ब्रिटनमध्ये 7 नंबरपर्यंत गेलं, ‘कॅन आय प्ले विथ मॅडनेस’ 3 नंबरपर्यंत आणि ‘ब्रिंग युअर डॉटर... टू द स्लॉटर’ जानेवारी 1991 ला चक्क 1 नंबर, ब्रिटनमधला त्यांचा एकमेव नंबर वन सिंगल. दुसरे मैदानातले हिट, जे लोकांनी शो बघून बघून मोठे केले.

आता गंमत बघा, तो एकमेव नंबर वन सिंगल माझ्या ओळखीतल्या कुणाच्याच पहिल्या दहात नाही. आणि ‘हॅलोड’ जवळजवळ प्रत्येकाच्या आहे. फाशीच्या कैद्याचे शेवटचे काही क्षण, सुरुवातीला घंटा वाजते, ब्रूस एकटा, अगदी दबक्या आवाजात, आणि मग तो एक सूर धरून ठेवतो की आपलाच श्वास अडकतो. ‘एडवर्ड द ग्रेट’ पहिल्यांदा आला तेव्हा त्यात हे गाणं नव्हतं, कारण तो जास्त करून सिंगल्सचा अल्बम आहे. मेडनच्या यादीत ‘हॅलोड’ नसेल तर तो अल्बम मी नवीन माणसाला देत नाही.

10. मधेच लाइव्ह गाणी का घालतात? स्टुडिओचीच हवीत.

गायक बदलायचं कारण प्रश्न 4 मध्ये आलंय. पण काही गाण्यांचं लाइव्ह रूपच खरं रूप झालंय, ‘फिअर ऑफ द डार्क’ त्यातलं पहिलं. 1992 च्या स्टुडिओ रेकॉर्डिंगमध्ये ते चांगलं गाणं आहे, बस. लाइव्हमध्ये सुरुवातीची गिटारची धून वाजायला लागली की लोक ती धून तोंडाने गायला लागतात, शब्द नाहीत, नुसती धून, गिटारच्या बरोबरीने, आणि ब्रूस गायला लागायच्या आधीच ते गाणं लोकांचं होऊन जातं. जानेवारी 2001 च्या ‘रॉक इन रिओ’मध्ये समोर अडीच लाखांच्या आसपास लोक होते, ‘एडवर्ड द ग्रेट’ आणि ‘फ्रॉम फिअर टू इटर्निटी’वर तेच रेकॉर्डिंग आहे. ‘बेस्ट ऑफ द बीस्ट’वर पण लाइव्हच आहे, पण ते त्याच्या आधीचं, नव्वदच्या दशकातलं.

11. घरचे विचारतात ही सैतानाची गाणी आहेत का?

नाही. 1982 ला ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ आला तेव्हा अमेरिकेत काही धार्मिक गटांनी हाच आरोप करून रेकॉर्ड जाळल्या होत्या. मुळात ते गाणं स्टीव्हला पडलेल्या एका वाईट स्वप्नावरून आलंय, भीतीचं गाणं आहे, भक्तीचं नाही. सुरुवातीचा जो जाडा आवाज बायबलमधलं वाचतो तो बॅरी क्लेटन नावाच्या नटाचा, आधी व्हिन्सेंट प्राइसला घ्यायचं होतं पण त्याचे पैसे परवडले नाहीत.

आणि त्यानंतरची ती प्रसिद्ध किंकाळी. निर्माता मार्टिन बर्चने ब्रूसकडून सुरुवातीच्या हळू ओळी परत परत, तासन् तास गाऊन घेतल्या, ब्रूस पार वैतागला, आणि तो सगळा वैताग त्या किंकाळीत बाहेर आला. घरच्यांना दुसरी गाणी वाचून दाखवा, ‘द ट्रूपर’ 1854 च्या क्रिमियन युद्धातल्या घोडदळावर, ‘रन टू द हिल्स’ अमेरिकेतल्या मूळ लोकांच्या कत्तलीवर, ‘2 मिनिट्स टू मिडनाइट’ अणुयुद्धाच्या भीतीवर, ‘पॅशनडेल’ पहिल्या महायुद्धातल्या चिखलावर. इतिहासाचं पुस्तक उघडायला लावणारा बँड आहे हा.

12. ब्लेझचा काळ वगळला तर चालेल का? सगळे म्हणतात वाईट आहे.

वगळू नका. ब्रूससाठी लिहिलेली जुनी गाणी स्टेजवर गाताना ब्लेझची ओढाताण व्हायची हे खरं, त्याची पट्टीच वेगळी. पण त्याच्यासाठी लिहिलेली गाणी वेगळी गोष्ट आहे. 1995 च्या ‘दी एक्स फॅक्टर’मधलं ‘साइन ऑफ द क्रॉस’ अकरा मिनिटांचं आहे, मंत्र म्हटल्यासारखी सुरुवात, आणि ब्लेझच्या त्या जड आवाजाने जो अंधार येतो तो ब्रूसच्या लाइव्हमध्ये भव्य होतो पण तितका काळा राहत नाही. ब्रूस परत आल्यावरही बँडने हे आणि ‘द क्लॅन्समन’ गाळलं नाही, स्टेजवर वाजवलं, यावरून काय ते समजा.

‘बेस्ट ऑफ द बीस्ट’ निघाला तेव्हा ब्लेझच गायक होता, त्यामुळे सुरुवातच त्याच्यापासून आहे. फक्त ‘द क्लॅन्समन’ आणि ‘फ्युचुरियल’ त्यात मिळणार नाहीत, ती 1998 ची.

13. माझ्याकडे आणि मित्राकडे ‘एडवर्ड द ग्रेट’ आहे पण गाणी वेगळी. एक नकली आहे का?

नाव सारखं आणि गाणी वेगळी एवढ्यावरून नकली ठरत नाही. 2002 चा एक, आणि 2005 ला परत काढला तेव्हा गाण्यांची यादी बदलली. मागचं वर्ष बघा.

14. ‘एड हंटर’ घ्यावा का? गेम चालेल का?

गेम 1999 च्या विंडोजसाठी होता, आत्ताच्या मशीनवर तो चालेल या भरवशावर घेऊ नका. गाण्यांसाठी मात्र घ्या, दोन डिस्क, आणि यादी चाहत्यांच्या मतांवरून ठरवलेली. म्हणूनच त्यात ‘पॉवरस्लेव्ह’, ‘किलर्स’ अशी गाणी आलीत. ऐकणाऱ्यांना काय आवडतं आणि सिंगल काय निघतं यातला फरक (प्रश्न 9) कुठे दिसत असेल तर इथे.

15. ‘राइम ऑफ दी एन्शन्ट मरिनर’ एक डिस्कवाल्या अल्बमांत का नसतं?

लांबी, दुसरं काही नाही. तेरा मिनिटांच्या वरचं गाणं, सीडीवर जागा साधारण ऐंशी मिनिटांची, ते घातलं की तीन सिंगल बाहेर जातात. इंग्रज कवी कोलरिजच्या कवितेवरचं आहे, मधे सगळी वाद्यं शांत होतात आणि लाकडी जहाज करकरल्याचा आवाज येतो, तेवढ्यासाठी 1984 चा ‘पॉवरस्लेव्ह’ पूर्ण ऐका.

16. 2010 नंतरची गाणी कुठल्या कलेक्शनमध्ये आहेत?

वर दिलेल्या एकातही नाहीत. 2015 चा ‘द बुक ऑफ सोल्स’ आणि 2021 चा ‘सेन्जुत्सु’ वेगळे घ्यावे लागतील. ‘द बुक ऑफ सोल्स’चं शेवटचं ‘एम्पायर ऑफ द क्लाउड्स’ 18 मिनिटांचं आहे, पियानोपासून सुरू होतं, ते कुठल्याही बेस्ट ऑफमध्ये बसवायचं म्हटलं तरी बसवायचं कसं.

17. माझ्याकडे सगळे स्टुडिओ अल्बम आहेत, तरी यातलं काही घ्यायला हवं का?

एकच, ‘बेस्ट ऑफ द बीस्ट’, दोन सीडीवाला किंवा मिळालाच तर चार एलपींचा. कारण ‘व्हायरस’ (प्रश्न 8) आणि 1978 चं रेकॉर्डिंग (प्रश्न 7) तुमच्या स्टुडिओ अल्बमांत नाही, शिवाय ‘अफ्रेड टू शूट स्ट्रेंजर्स’ हे ब्रूसच्या काळातलं गाणं त्यात ब्लेझने लाइव्ह गायलंय, म्हणजे प्रश्न 4 मधल्या युक्तीच्या बरोबर उलट. बाकीच्यातलं जवळजवळ सगळं तुमच्या कपाटात आधीच आहे.